ओगुमा फुमिएची पंचवीस पावलं

ओगुमा फुमिए शेजारून धावत गेली की सोया सॉसचा वास येतो, असं दुसऱ्या कंपन्यांच्या पोरी म्हणायच्या. खोटं नव्हतं ते. आमची कंपनी सेनबे बनवायची, म्हणजे तांदळाच्या भाजलेल्या खारट चकत्या, आणि आमचं मैदान भट्ट्यांच्या मागेच होतं. केसांत, मोज्यांत, उशीच्या अभ्र्यात, सगळीकडे तोच वास. माझ्याही अंगाला यायचा, पण माझी टर उडवावी इतकी मी मोठी नव्हते. फुमिए होती.

मी मेगुरो कियोमी. वय त्रेपन्न, त्याच कंपनीत पॅकिंगची मुकादम. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं नागाओका शहर म्हणतं. साहेबाला त्याच्या तोंडावर टकल्या म्हणून झालंय माझं. पण एक गोष्ट तीस वर्षं बोलायला हवी होती, ती तेवढी बोलता आली नाही. म्हणून हे सगळं.

फुमिए तोचिओची. डोंगरातलं गाव, हातमाग-यंत्रमागाची खडखड आणि माणसाच्या डोक्यावरून जाईल इतका बर्फ. बाप माग दुरुस्त करायचा. पोरगी शाळेत धावण्यात सगळ्यांना मागे टाकते हे ऐकून आमच्या कंपनीच्या धावसंघाचे प्रशिक्षक तोगाशी सर एकोणऐंशी साली स्वतः तिच्या घरी गेले, सेनबेचा खोका घेऊन. बापापुढे डोकं टेकून म्हणाले, "तुमची मुलगी आमच्या कंपनीला द्या."

बाप म्हणाला, "लग्नासाठी मागताय की पळण्यासाठी?"

"आमच्याकडे दोन्ही एकच," सर म्हणाले. सगळे हसले म्हणे. फुमिए अठरा वर्षांची होती, तीही हसली.

तोगाशीला आता मी सर म्हणणार नाही. खूप वर्षं म्हटलं, बास झालं.

सकाळी सहाला वजन. काटा कुठला, तर गोदामातला, तांदळाची पोती तोलायचा. पोरी एकेक करून त्यावर उभ्या राहायच्या आणि तोगाशी आकडा असा ओरडायचा की पोती उचलणाऱ्या गड्यांनाही ऐकू जावा.

"ओगुमा, तीनशे ग्रॅम वर! काल काय गिळलंस?"

"पाणी, सर."

"मग पाणी पिऊ नकोस."

आणि ती खरंच प्यायची नाही. दुपारी चारपर्यंत ओठ फुटायचे, मग गुळणी करून थुंकायची. दिवसभर हातातून हजारो चकत्या जायच्या, एक तोंडात टाकली नाही कधी. सरावाच्या वहीत प्रत्येकीने पाळी आली की लाल टिंब द्यायचं, असाही नियम होता. टिंब दिसलं की तोगाशी म्हणायचा, "अजून अंगात चरबी आहे. सराव कमी पडतोय." विसाव्या वर्षानंतर फुमिएच्या वहीत लाल टिंब नाही. वर्षानुवर्षं नाही. नव्या पोरी आल्या की तो तिची वही उघडून दाखवायचा, "ही बघा, याला म्हणतात स्वच्छ वही." मलाही दाखवली होती. मी अठरा वर्षांची मूर्ख, मला वाटलं, आपलीही अशीच व्हायला हवी.

मी यायच्या आधीची एक हकिगत भट्टीवरच्या बायका सांगायच्या. बाविसाव्या वर्षी फुमिए शंभर मीटर अशी धावली की फळ्यावर वेळ लागली तेव्हा मैदान गप्प झालं. राष्ट्रीय संघात जायला जेवढी वेळ लागते तेवढी होती. पण मागून वारा होता. मागचा वारा सेकंदाला दोन मीटरपर्यंत चालतो, त्या दिवशी तो दोन पूर्णांक एक होता. झालं, धाव बाद. तोगाशीने तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "वाऱ्याकडे काय बघतेस? वारा नसताना एवढं धावली असतीस तर?" ती कमरेत वाकली आणि म्हणाली, "चुकलं माझं." परत तेवढी वेळ तिला कधीच लावता आली नाही. पुढच्या वर्षी नडगीचं हाड तडकलं, ते तडकलेलं घेऊन ती दोन महिने धावली, कारण सांगितलं असतं तर जागा गेली असती.

सव्विसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं. कापड रंगवणाऱ्यांचा मुलगा, चांगला होता, बिचारा शर्यती बघायला यायचा. तोगाशीने त्याच्या बापाला सांगितलं, "हंगाम संपू दे." हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. मुलाने एक वर्ष वाट पाहिली आणि फुमिएच्याच चुलत बहिणीशी लग्न केलं. त्या लग्नाला फुमिए गेली नाही, सराव होता.

मी सत्त्याऐंशी साली आले. मला ती पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी, मैदानात शिरताना मैदानाला वाकून नमस्कार करताना. केस पोरासारखे कापलेले, मानेवर दोन शिरा. मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "मेगुरो, पाय दाखव." मी बूट काढले. तिने माझा पाय हातात घेतला, अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, "साडेतेवीस सेंटिमीटर. चांगला पाय आहे. या पायाने नीट मोज, म्हणजे झालं."

काय मोजायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चार बाय शंभरची रिले. चौघी, एक बॅटन. मागची मुलगी धावत येते आणि पुढची पाठ करून उभी असते. पुढचीने ती हाताशी येईपर्यंत थांबायचं नसतं, आधीच सुटायचं असतं, म्हणजे बॅटन मिळेपर्यंत दोघींचा वेग एक होतो. कधी सुटायचं? त्यासाठी ती आपल्या जागेपासून मागे टाचेला चवडा लावत पावलं मोजते आणि तिथे जमिनीवर एक चिकटपट्टी लावते. मागची मुलगी त्या पट्टीवर आली की पुढची सुटते. सुटली की मागे बघायचं नाही. "घे!" अशी हाक आली की हात मागे करायचा. बॅटन ठरलेल्या पट्ट्यातच हातात यायला हवी, त्या पट्ट्याची शेवटची रेघ ओलांडली की संघ बाद. मागची जितकी वेगवान, तितकी पट्टी लांब. मागची मंदावली तर पट्टी जवळ घ्यायची, नाहीतर पुढची पळून जाते आणि ती बिचारी हात लांब करत राहते.

फुमिए तिसरी धावायची, वळणावर तिच्यासारखी कोणी नव्हती. शेवटची मी. तिच्यासाठी माझी पावलं पंचवीस. पहिल्या दिवशी तिनेच सांगितलं, "माझ्यासाठी पंचवीस लाव. भिऊ नकोस, मी येते." आणि ती यायची हो. पाच वर्षं मी त्या पट्टीकडे बघून डोळे झाकून सुटले आणि पाच वर्षं बॅटन माझ्या तळव्यात अशी येऊन बसायची की मला ती कोणी दिल्यासारखं वाटायचंच नाही.

ब्याण्णव सालच्या वसंतात ती मंदावली. एकतीस वर्षांची होती. एकटीच्या शर्यतींमधून तिचं नाव आधीच काढलं होतं, उरला होता तो रिलेचा तिसरा टप्पा. तो तिचा होता तोवर ती धावपटू. तो गेला की गोदामामागच्या खोलीत बसून तुटक्या चकत्या वेगळ्या काढायच्या. आमच्याकडे फुटलेला माल फाटकापाशी पिशव्या भरून स्वस्तात विकतात. भट्टीवरच्या बाया डोळे मिचकावून म्हणायच्या, "ओगुमाबाई आता तुकड्यांच्या पिशवीत जाणार गं." तिच्या कानावर जायचं. ती मान खाली घालून बुटाची नाडी बांधायची.

तिची जागा घ्यायला सेकिया म्हणून एकोणीस वर्षांची पोर तयार होती. सगळ्यांना दिसत होतं. पण ओगुमा-सानला, मानाने आम्ही तसंच म्हणायचो तिला, सांगणार कोण? ती आम्हां सगळ्यांच्या आधी आलेली, आमच्यातल्या निम्म्याजणींना बॅटन धरायला तिनेच शिकवलेलं. आमच्याकडे थोरल्या माणसाला तोंडावर 'तू संपलीस' म्हणत नाहीत. त्याचं त्याला उमगावं म्हणून वाट बघतात. कौतुक वाटतं लोकांना या रीतीचं. जळली मेली ती रीत.

आणि गंमत अशी की फुमिएने स्वतःच विचारलं होतं. मे महिन्यात, वजन झाल्यावर, आम्हां सगळ्यांसमोर. तोगाशीपुढे वाकली आणि म्हणाली, "सर, सप्टेंबरच्या राष्ट्रीय स्पर्धेत मला तिसरं धावू द्या. पण मी संघाला जड होत असेन तर एका शब्दाने सांगा. मी आजच उतरेन. रागावणार नाही."

तोगाशीने काट्यावरचं वजन उगाच इकडचं तिकडे सरकवलं. म्हणाला, "काय बोलतेस? धाव ना."

एक शब्द. तेवढाच मागितला होता तिने. आम्ही सात जणी तिथे उभ्या होतो, एकीनेही तोंड उघडलं नाही.

त्या उन्हाळ्यात सरावाला बॅटन चुकू लागली. मी सुटायचे, मागून "घे!" यायचं, हात मागे करायचे आणि हाताला वारा लागायचा. तीन वेळा असं झालं. ती दरवेळी धापा टाकत येऊन म्हणायची, "माझी चूक, मेगुरो. माझी सुरुवात ढिली झाली." मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मग मी एक केलं. कोणाला न सांगता पट्टी जवळ आणली. आधी चोवीस, मग तेवीस, शेवटी बावीस. बावीसवर बॅटन परत तळव्यात येऊ लागली. ती खूश दिसायची, मीही खूश. वाटायचं, किती सफाईने केलं मी. तिची अब्रूही राहिली आणि संघही राहिला. ऑगस्टच्या शेवटी आमची वेळ देशात तिसरी की चौथी होती. पदक मिळण्यासारखं होतं.

स्पर्धा ओसाकाला होती. अंतिम शर्यतीच्या सकाळी मी खोलीबाहेर भाताचा गोळा खात उभी होते, तोगाशी आला.

"मेगुरो, ओगुमासाठी किती लावतेस?"

"पंचवीस, सर."

"खोटं बोलू नकोस. बावीस लावतेस. मला डोळे आहेत."

मी गोळ्याला चिकटलेलं शीत बोटाने काढलं.

"आज पंचवीस लाव."

"सर, पण मग ती पोचायची नाही."

"मला माहितीये."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि हातातला भात तसाच राहिला. तो अगदी शांत होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होता. "तू पट्टी जवळ घेऊन तिला फसवतेयस. तिला वाटतं अजून जमतंय. आज हिला सांभाळून घेतलंस तर पुढच्या वर्षीही हीच उभी राहील. मी तिच्या बापाकडून तिला मागून आणलीये, मी कसं सांगू? मैदान सांगेल. आजचं पदक गेलं तर जाऊ दे. पुढच्या वर्षी तिसरी सेकिया, शेवटची तू. मग घे पदक."

"सर, तिने विचारलं होतं हो तुम्हाला. एका शब्दाने सांगा म्हणाली होती."

"तोंडावर सांगून तिचा अपमान करू?"

म्हणजे बघा. अपमान नको म्हणून चार हजार माणसांसमोर तिला पाडायचं. आणि मी? मी काय म्हणाले? कशाला खोटं बोलू, मी म्हणाले, "बरं, सर." पुढच्या वर्षीचं पदक माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं तेव्हा. भीतीही होती, नाही असं नाही. पण पदक आधी आलं डोळ्यांपुढे.

संध्याकाळी आम्हाला मैदानात सोडलं. ज्या दारातून आत आलो ते माझ्या जागेजवळच होतं, बाकीच्या तिघी पुढे आपापल्या जागी जाणार. मी पाठ वळवून पावलं मोजायला लागले. टाच, चवडा, टाच, चवडा. मान वर केली तर फुमिए थांबलेली. माझ्या पायांकडे बघत होती. माझ्या कानांतून गरम वाफा निघाल्या. वीस, एकवीस, बावीस. बावीसवर माझा पाय थबकला. वर बाकांवर तोगाशी बसला होता. मी तेवीस टाकलं, चोवीस टाकलं, पंचवीस टाकलं आणि पट्टी चिकटवली. फुमिएने माझ्याकडे बघितलं आणि हसली. दात दिसतील असं. पाच वर्षांत मी तिचे सगळे दात कधी पाहिले नव्हते. मग ती पटकन मान लववून आपल्या जागेकडे पळत गेली. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही.

बंदूक वाजली. पहिली चांगली सुटली, दुसरीने दोन संघ गाठले. तिसरीकडे बॅटन गेली तेव्हा आम्ही तिसऱ्या होतो आणि फुमिए वळणावर आली ती अशी, की माझ्या अंगावर काटा आला. मी तिला असं धावताना पाहिलंच नव्हतं त्या वर्षी. मान सरळ, गुडघे वर, ती जुनी, बायका सांगायच्या ती ओगुमा. शेजारच्या रांगेतली मागे पडली. मला वाटलं, अगं बाई, येते की काय ही! पंचवीसवरही येते की काय! तिचा पाय पट्टीवर पडला आणि मी सुटले.

मागे बघायचं नसतं. मी बघितलं नाही.

"घे!"

हात मागे केला. वारा.

"घे!" दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा हाक देतच नाहीत कधी. मी वेग कमी केला, पावलं अडखळली, माझ्या बोटांच्या टोकांना बॅटन लागली, नुसती लागली, आणि पायाखालून रेघ निघून गेली. मग ती तळव्यात आली. मी धावले. कशी धावले मला आठवत नाही. चौथी आले बहुतेक. पण मागे पंचाने झेंडा वर केला होता.

मैदानाखालच्या बोळात फुमिए आली ती गुडघ्यांवर बसली आणि सिमेंटला कपाळ टेकलं. आधी पहिलीपुढे, मग दुसरीपुढे, मग सेकियापुढे, जी धावलीसुद्धा नव्हती. सेकिया रडायला लागली. मग ती माझ्यापुढे आली. "मेगुरो, मी पोचले नाही. मला माफ कर."

मी म्हणाले, "असू द्या, ओगुमा-सान."

असू द्या! मी तिला माफ केलं, ऐकलंत ना?

तोगाशी हाताची घडी घालून उभा होता. म्हणाला, "आता समजलं?"

"समजलं, सर. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत."

परतीच्या गाडीत आमचा घड्याळ लावणारा पोऱ्या माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "तिसऱ्या टप्प्याची वेळ बघितलीस? ओगुमा-सानची तीन वर्षांतली सगळ्यात चांगली आहे. तेवीसवर असती ना पट्टी, तर पदक होतं." मी त्याला म्हटलं, "तोंड बंद ठेव." तोगाशीलाही तो कागद मिळाला होता. त्याने तो घडी करून खिशात घातला आणि फुमिएला कधी दाखवला नाही.

ऑक्टोबरपासून ती तुटक्या मालाच्या खोलीत गेली. वसतिगृहाची खोली सोडली, आईजवळ राहायला तोचिओला गेली, रोज बसने यायची. पुढच्या वर्षी सेकिया तिसरी आणि मी शेवटची, आम्हाला कांस्यपदक मिळालं. फुमिएने फाटकापाशी मला गाठून दोन्ही हातांनी माझा हात धरला. "आता कसं मोकळं धावलीस! माझं ओझं होतं तुझ्यावर." मी "छे, छे" म्हणत राहिले. ते पदक माझ्याकडे आहे. ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला दाखवत नाही.

नंतर मी मुकादम झाले आणि ती माझ्या हाताखाली आली. वीस वर्षं तिने माझ्या खोलीत तुकडे निवडले. मला पाहिलं की उभी राहायची. मी ओरडायचे, "अहो बसा, ओगुमा-सान, कशाला उठता!" आणि लगेच दुसऱ्या कुणावर तरी विनाकारण डाफरायचे. पोरी म्हणायच्या, मुकादमबाईंचं डोकं आज फिरलंय. मनात कितीदा आलं की सांगून टाकावं. डबा खाताना यायचं, रजेच्या अर्जावर शिक्का मारताना यायचं. मग वाटायचं, आता सांगून तिचं काय भलं होणार? खरं म्हणजे माझं काय होणार ही भीती होती. तिने लग्न केलं नाही. आई गेली, ती एकटी. साठाव्या वर्षी निवृत्त झाली, आम्ही तिला फुलं दिली आणि एक छत्री.

यंदाच्या फेब्रुवारीत दारातला बर्फ काढताना ती पडली. साधंच पडणं, मुलंबाळं पडतात तसं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाला, "एकसष्टच्या बाईचं हाड नाही हे, ऐंशीच्या म्हातारीचं आहे. तरुणपणी पाळी फार वर्षं बंद होती का?" ती अभिमानाने म्हणाली, "हो, माझी वही अगदी स्वच्छ असायची." हे तिनेच मला हसत सांगितलं. मी सफरचंदं घेऊन इस्पितळात गेले होते. सुरी हातातच राहिली माझ्या.

तेवढ्यात तिला चालवायला एक पोरगी आली, कुवाबारा नाव, चोवीस-पंचवीसची, गालावर खळी. तिने चाकांचा वॉकर पुढे केला. "चला आजी, आज व्हरांड्यात थोडं पुढे जाऊ."

"आजी म्हणू नकोस गं हिच्यासमोर," फुमिए म्हणाली. "ही माझी शेवटची धावपटू. मेगुरो. हिच्या हातात मी पाच वर्षं बॅटन दिली."

"अय्या, खरंच? तुम्ही धावायच्या?"

झालं, फुमिएला तेवढंच हवं होतं. व्हरांड्यात उभी राहून तिने त्या पोरीला सगळं सांगितलं, पट्टी काय, पावलं काय. मी मध्येच म्हणाले, "राहू द्या हो, तिला कामं असतील." ती कुठली ऐकते.

"शेवटच्या वर्षी मी मंदावले होते," ती पोरीला म्हणाली. "सगळ्यांना दिसत होतं. हिने त्या उन्हाळ्यात काय केलं माहितीये? गुपचूप पट्टी जवळ आणली. बावीसवर. हिला वाटलं मला कळत नाही."

"ओगुमा-सान, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, पट्टी मीच बघायची ना आधी! धावत तिच्यावरच तर यायचं. रोज सकाळी तुम्ही यायच्या आधी मी मोजायची, माझ्या पायाने. तीन पावलं कमी. तीन पावलांची दया." ती हसली. "फार लागायचं मनाला. सर बोलत नव्हते, तू बोलत नव्हतीस, ती पट्टी तेवढी रोज बोलायची. मी ठरवलं होतं, ओसाकाला जायचं, धावायचं आणि आपण होऊन उतरायचं. पण त्या संध्याकाळी ही मोजत होती, मी मागे उभी होते. बावीसला हिचा पाय थांबला. म्हटलं, संपलं. आणि हिने पुढे तेवीस टाकलं! चोवीस! पंचवीस!" तिने त्या पोरीचा दंड धरला. "सगळ्या जगाने मला म्हातारी ठरवलं होतं गं. एकट्या हिने नाही. त्या दिवशी मी जी धावले ना, ती त्या पंचवीस पावलांवर धावले. पोचले नाही, ते माझं नशीब. पण तीस वर्षं मी तेवढ्यावर काढलीत. कुणीतरी एकाने तरी मला पंचवीसची समजलं."

कुवाबाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किती छान," ती म्हणाली. "पण पंचवीस पावलं म्हणजे किती हो? मला अंदाजच येत नाही."

"मेगुरो, दाखव ना हिला," फुमिए म्हणाली.

"इथे कुठे, ओगुमा-सान..."

"दाखव गं. मला पण तेवढं चालायला होईल आज."

मी चपला काढल्या. फरशी बर्फासारखी गार होती. फुमिएच्या वॉकरपाशी टाच लावली आणि मोजत निघाले. टाच, चवडा, टाच, चवडा. मागून ती मोठ्याने मोजत होती, कुवाबाराही तिच्याबरोबर मोजायला लागली. आता सांग, असं मी स्वतःला म्हणत होते. पंधराला म्हटलं, अठराला म्हटलं. ती एकसष्ट वर्षांची बाई, मोडक्या खुब्याची, माझ्याकडे बघत होती आणि तिचे सगळे दात दिसत होते.

बावीसला माझा पाय थांबला.

"अजून तीन, मेगुरो," ती म्हणाली. "भिऊ नकोस, मी येते."

मी तेवीस टाकलं. चोवीस टाकलं. पंचवीस टाकलं आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. मागून वॉकरची चाकं करकरत यायला लागली, थांबत, पुन्हा करकरत. कुवाबारा म्हणत होती, "शाब्बास आजी, सावकाश." मी मागे बघितलं नाही. पुष्कळ वेळ लागला तिला.